भिंतींना धडकणारी बाई

लेकीच्या कॉम्प्युटरवर लाल कोटातली एक बाई सकाळपासून भिंतींना धडकतेय. व्हिडिओ गेममधल्या कुठल्या भिंतीतून चुकून आरपार जाता येतं, ते शोधायचं, ही मुक्ताची पहिली नोकरी.

"याला इंजिनिअरिंगची पदवी लागते का गं?" मी विचारलं.

"मुलाखतीला बोलावण्यापुरती लागली, आई. नंतर कुणी विचारलंही नाही."

माझी बी.एस्सी. लग्नाच्या बायोडेटात एक ओळ भरण्यापुरती लागली होती. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी मटार सोलत राहिले.

एवढ्यात बाई भिंतीतून पलीकडे गेली आणि करड्या पोकळीत पडतच राहिली.

"आता कुठे पोचेल ही?"

"कुठेच नाही. खाली काही बनवलेलंच नाहीये," मुक्ता म्हणाली आणि तिने बाईला पुढच्या भिंतीसमोर उभं केलं.