रेमेईबाईंना पाप सापडेना

रेमेईबाईंचा देवावर विश्वास नव्हता आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. तरीही कॉर्पस या ख्रिस्ती सणाला कॅथेड्रलच्या कारंज्यावर अंडं ठेवायचं ते त्यांनीच. यात त्यांना काही वावगं वाटत नसे. "देव त्यांचा, अंडं माझं," असं म्हणून त्या विषय संपवत.

कातालोनियातलं आमचं गाव लहान, कॅथेड्रल मात्र गावाला न शोभेल एवढं थोरलं. सहा-सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी ते बांधलं, त्यांना गाव पुढे वाढेल अशी आशा असावी. गाव वाढलं नाही. हल्ली झेंडा धरलेल्या बाईमागून पर्यटकांचे घोळके येतात, कमानी बघून माना दुखल्या की बाहेर कॉफी प्यायला जातात. हिवाळ्यात ऑर्गनच्या मैफिली असतात, उन्हाळ्यात कुठून कुठून गायकमंडळं येतात. तिथे गावकरी मुख्यतः खोकायला जातात. पण कॉर्पसला सगळं गाव लोटतं ते अंड्यासाठी. ओवऱ्यांमधल्या कारंज्याला चेरी, कार्नेशन आणि पिवळी रानफुलं बांधतात आणि पाण्याच्या उसळत्या धारेवर आतून रिकामं केलेलं अंडं सोडतात. ते पडत नाही, गरगर नाचत राहतं. का नाचतं, याचे गहन अर्थ मुसेन, म्हणजे आमचे पाद्री, सांगतात. लोकांचा अर्थ सोपा: अंडं फुटलं नाही, तर वर्ष बरं जाणार.

हे अंडं रेमेईबाईंकडे आलं नवऱ्यामुळे. फेर्रिओल कॅथेड्रलचे नळ सांभाळायचा, त्याच्याआधी त्याचा बाप. फेर्रिओल गेला, नळ कंत्राटदाराकडे गेले, अंडं बाईंकडे राहिलं. त्या कोंबड्या पाळत त्या एवढ्यासाठीच. अंडं उजेडासमोर धरून पारखायचं, सुईनं दोन्हीकडे भोक पाडायचं, फुंकून आतलं काढायचं, भोकं मेणानं बुजवायची. "हातगुण लागतो त्याला," हे सांगताना त्या इतक्या गंभीर होत, की मिस्सा म्हणताना पाद्रीही होत नसत. एरवी वर्षभर त्यांची कोणाला आठवण होत नसे. त्या एका दिवशी मात्र गाव त्यांची वाट बघायचं.

हे नणंदेला, किमेताला, सहन होत नसे. ती रोज न चुकता मिस्सेला जाणारी.

"वहिनी, अंडं आमच्या बाबांचं. तू लग्न करून आलेली."

"आणि तुम्ही लग्न करून गेलेल्या, वन्सं. जाताना न्यायचं होतं."

मग मुसेन नार्सीस बदलून आले. तरुण, बूट चकचकीत. ईस्टर झाल्यावर त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"रेमेईबाई, कॉर्पस हा प्रभूच्या देहाचा सण आहे."

"माहीत आहे. मला वाचता येतं."

"मग त्या दिवशी कारंज्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसानं निदान वर्षातून एकदा पापांची कबुली द्यावी. याहून जास्त मी काही मागत नाही."

"आणि नाही दिली तर?"

"किमेताबाई तयार आहेत."

ती तयार असणारच! बाईंनी घरी जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले, विचार केला, आणि शनिवारी चर्चमध्ये जाऊन कबुली ऐकायच्या लाकडी पेटीशी गुडघे टेकले. जाळीपलीकडून मुसेन म्हणाले, "बोला."

"काय बोलू?"

"तुमची पापं."

"आठवतेय. हां. गेल्या नाताळात वन्संनी शेजारणीबद्दल जे काही..."

"बाई, तुमची."

"माझी होय? मग वेळ लागेल."

मुसेननी मदत करायचं ठरवलं. "खोटं बोललात कधी?"

"छे! म्हणून तर मला कोणी जेवायला बोलावत नाही."

"कोणाचा मत्सर?"

"वन्संचा म्हणताय? मत्सर करण्यासारखं आहे काय त्यांच्यात?"

"राग?"

"येतो की. पण बरोबर असतो."

"देवावर श्रद्धा नसणं..."

"ते पाप नाही, मत आहे."

मुसेननी सुस्कारा सोडला. "एखादं तरी सांगा हो, बाई. अगदी बारीकसं चालेल. मागे रांग लागलीय."

"न केलेलं पाप सांगू? म्हणजे खोटं बोलणं आलं. तेही चर्चमध्ये! तुम्हाला शोभतं का हे?"

आणि बाई उठल्या. इतक्या खऱ्या वागल्या की अंडं गेलं.

कॉर्पसला जायचंच नाही असं ठरवून त्या ठेवणीतला ब्लाउज घालून गेल्या. किमेताचं अंडं पडताना बघायचं होतं, दुसरं काही नाही. किमेतानं पिशवीतून काढलं ते सुपरमार्केटचं अंडं, वर तारखेचा लाल शिक्का तसाच. बाईंनी चेहऱ्यावर सहानुभूती आणून ठेवली. किमेतानं अंडं धारेवर सोडलं. ते उडालं, कलंडलं, सावरलं आणि नाचायला लागलं. बाईंच्या कुठल्याही अंड्यापेक्षा छान, ताठ, शिक्क्यासकट. बाई थांबल्या. मिरवणूक आली, बँड आला, आत माणसं शिरून नाचवतात त्या मोठाल्या बाहुल्या गिरक्या घेऊन गेल्या, अंडं नाचतच होतं. सगळी करामत कारंज्याच्या तोटीची होती, हातगुणाचा काही संबंध नव्हता, हे बाईंना त्या वेळी कळलं.

किमेता ओल्या बाह्या बदलायला गेली होती. तेवढ्यात बेकरीवाली असुम्प्ता दुकान बंद करून चार परक्या पाहुण्यांना घेऊन आली. "ह्या आमच्या रेमेईबाई! अंडं ह्यांचंच. काय नाचतंय हो बाई यंदा, दरवर्षीपेक्षा झकास!"

बाईंनी 'माझं नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"हातगुण लागतो," त्या म्हणाल्या.

मग फोटो झाला. पाहुण्यांनी कोंबडीबद्दल विचारलं, बाईंनी तिचं नाव, वय आणि स्वभावसुद्धा सांगितला.

संध्याकाळी त्या पुन्हा जाळीशी.

"मुसेन, सापडलं."

"काय?"

"पाप. आजचंच आहे, ताजं." त्यांनी सगळं सांगितलं, कोंबडीसकट.

मुसेनच्या आवाजात आनंद लपेना. "छान! म्हणजे, वाईट. आणि पश्चात्ताप होतोय ना?"

बाहेर अंड्यासाठी टाळ्या पडत होत्या.

"झालाच पाहिजे का? फोटोत बरी आलेय हो मी."

"त्याशिवाय क्षमा नाही, बाई."

बाईंनी जाळीची भोकं मोजून पाहिली. "वन्संचं अंडं माझ्या अंड्यांपेक्षा चांगलं नाचलं," त्या शेवटी म्हणाल्या. "हे कशात धरता येईल का?"

"जड गेलं सांगायला?"

"फार."

"मग धरू पश्चात्तापात."

"मग पुढच्या वर्षीचं अंडं माझं," बाई म्हणाल्या आणि गुडघा कटकन वाजवत उठल्या. बाहेर रांगेत पहिली किमेताच उभी होती, बाह्या कोरड्या, चेहरा पवित्र.

"वन्सं, मागच्या लोकांना आधी जाऊ द्या," बाई जाता जाता म्हणाल्या. "तुम्हाला वेळ लागेल."