माधवरावांनी घासलेले दगड

माधवरावांना स्वच्छतेचं भारी वेड. परीटघडीच्या धोतरावर शिंतोडा उडाला तर जेवण जायचं नाही! आणि नशीब बघा, नोकरी कुठली, तर उज्जैनच्या एका गिरणी वसाहतीत सांडपाण्याच्या हौदावर ओव्हरसिअर. हौद दगडांनी भरलेला. वरून घाण पाणी झिरपायचं, खालून निवळ होऊन क्षिप्रेच्या वाटेला लागायचं.

छप्पनच्या दिवाळीच्या तोंडावर मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला. खबर आली, भोपाळहून साहेब येणार, हौद ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. हौद गेला की नोकरी गेली. मग काय! माधवरावांनी दिवाळीत घर घासतात तसे दगड घासून घेतले. वरचा बुळबुळीत थर पार काढला. दगड कसे, लख्ख!

साहेब आलेच नाहीत, वास मात्र आला. वर पडे तेच पाणी खाली निघे. सारी वसाहत नाक दाबून फिरू लागली. अहो, त्या थरातले जिवाणूच घाण खातात, हे परीक्षेत लिहून पास झालेला माणूस! पण दिवाळी अंगात आली ना.

"विरजणाचं भांडं घासून बसलात होय?" पत्नी विनोदिनीबाई हसल्या. "मग शेजारून आणा की थोडं!"

शेजार कुठला? पण मागच्या कोपऱ्यातले दगड घासायचे राहिले होते. ते माधवरावांनी हौदभर पसरले. थंडीत थर हळूहळू धरला, पाणी निवळू लागलं, आणि नेमके तेव्हा साहेब उगवले. नाकाला रुमाल, बोट दगडांवरच्या थराकडे.

"कितनी काई जमी है! सब रगड़वाओ, नहीं तो ताला लगवा दूँगा."

माधवराव दगडांपुढे आडवे उभे राहिले. आवाज ठाम निघाला. "साहब, नौकरी ले लीजिए, पत्थर नहीं रगड़ूँगा. एक बार मैंने ही रगड़वाए थे. पूरी बस्ती भुगती."

त्यांनी साहेबांना खालच्या तोंडापाशी नेलं. पाणी स्वच्छ वाहत होतं. साहेब वाकले, बिचकत रुमाल काढला, एक लांब श्वास घेतला.

"रहने दो," ते म्हणाले. "चलने दो इसे."

साहेबांची जीप गेली. माधवराव हौदापाशी आले, एक दगड उचलून त्यावरून अंगठा फिरवला. छान बुळबुळीत होता. दगड जागच्या जागी ठेवला आणि हात खुशाल धोतराला पुसला.