उघड बोलणीवाले साडू

सारा मराठवाडा पाण्याच्या काळजीत होता, तेव्हा शत्रुराष्ट्रांची काळजी करणारा एकच माणूस शिल्लक होता, तो म्हणजे आमचे साडू. त्यांचं लातूर नवा जिल्हा झाल्यापासून तर ते आमच्या हदगावकडे परदेशी राजदूत आल्यासारखे येत. एसटीतून उतरताना उपरणं झटकत, बायकोची खुशाली सांगण्याआधी इकडे कुणाची सभा आहे ते विचारत आणि पुढच्या रांगेत जाऊन बसत. एका उमेदवाराने टँकरचं आश्वासन दिलं, तर हे उभे राहिले. "टँकरचं मागून बघू. वैरी देशांशी उघड बोलणी करायला तुमची तयारी हाय का न्हाई, तेवढं सांगा." उमेदवाराने शेजारच्याला विचारलं, "कोन्त्या गावांचं भांडण हाय हे?" आणि माईकवर जाहीर केलं, "दोन्ही गावांना टँकर देऊ."

यावरून आमचं कायम वाजायचं. मी बैलबाजारात दलाली करून स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस. आमच्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालून, बोटं धरून ठरवतात. मी म्हणायचो, "उघड्यावर बोललं की माघार घेता येत न्हाई. बघे हसतात." ते म्हणायचे, "साडूभाऊ, जो वैऱ्याशी चारचौघांत बोलंना, तो निवडून आल्यावर आपल्याशी काय बोलणार हाय?" मी चिडून ताटावरून उठायचो. ते माझी उरलेली भाकरी सावकाश संपवायचे.

त्या उन्हाळ्यात त्यांना आमच्याच बांधाला शत्रुराष्ट्र सापडलं. माझा चुलतभाऊ. बाजारात माझी ठरत आलेली बैलजोडी त्याने ऐनवेळी उचलली होती, ते मी अजूनही विसरलेलो नाही. आमची विहीर सामाईक. ती आटली होती आणि खोल करायला दोघांचा होकार हवा होता. पाणी लागल्यावर आठवड्यातले किती दिवस कुणाचे, यावर सगळं अडलं होतं. माझ्या मोसंबीची पानं गळत होती, त्याचीही.

साडूंनी दोघांना स्टँडवरच्या हॉटेलात भर दुपारी समोरासमोर बसवलं. निम्मं गाव जमलं. "पाच दिवस माझे," चुलतभाऊ म्हणाला. "सहा माझे," मी म्हणालो. लोक हसले, तसे आम्ही दोघेही चढलो. तो म्हणाला, "वाळू दे बाग, पर याच्याफुडं वाकत न्हाई." मी चप्पल पायात सरकवली.

साडूंनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आमच्या दोघांचे हात ओढून जवळ आणले, त्यावर ते टाकलं आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. गर्दीलाही म्हणाले, "चला, तिकडं बघा समदे."

बोटं चालली. सौदा झाला तरी चुलतभावाने माझा हात लगेच सोडला नाही.

साडूंना बसवर सोडायला गेलो, तेव्हा त्यांनी काय ठरलं ते विचारलं नाही. साऱ्या जगाची बोलणी उघड्यावर व्हावीत म्हणून भांडणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मला ते वारल्यानंतर कळलं. एकदा तरी आपणहून सांगायला हवं होतं, की साडूभाऊ, त्याने चार दिवस मला दिले आणि तीन स्वतःला ठेवले.