जावयावर टोमॅटो

दोन वर्षांपूर्वी मी निवडणुकीला उभा राहिलो आणि सपाटून पडलो. सिनेमात. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर तीस वर्षं दरबान, डॉक्टर आणि एकदा प्रेतही रंगवल्यावर मला शेवटी पोस्टरवर तोंड येईल अशी भूमिका मिळाली होती: विनोदी चित्रपटातला पडेल उमेदवार. माझ्या प्रतिस्पर्ध्याचं काम करणारा नट मनमाडचा, रेल्वेतला. आवाज असा, की फलाटावर भोंग्याची गरज नसावी.

माझा एकुलता एक मोठा प्रसंग भर सभेतला. मी आश्वासनं देतो, गावकरी टोमॅटो मारतात. त्यासाठी सिन्नरकडचं गाव हवं होतं. मी ऐटीत माझी सासरवाडी सुचवली. पार आहे, माणसं आहेत, टोमॅटोला तर तोटाच नाही. इथे माझी अक्कल संपली.

कॅमेरा सुरू झाला. "घराघराला विहीर देईन," मी गर्जलो, "आणि प्रत्येक विहिरीला लिफ्ट!" आणि डोळे मिटून माराची वाट पाहू लागलो. काहीच येईना. डोळे उघडले, तर सगळं गाव हातात टोमॅटो धरून, ओटीचा नारळ धरावा तसं, अदबीने उभं.

दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. तिने सगळं खोटं असतं म्हणून समजावलं. माझे चुलतसासरे शांतपणे म्हणाले, "पोरी, तुझं बरोबर हाय. पण जावयाला मारलं म्हणून तालुक्यात बोभाटा झाला, तर आमच्या बाकीच्या पोरी करून कोण घेईल?"

दुसऱ्या टेकला टोमॅटो सुटले, पण सगळे समोर चहा पीत बसलेल्या मनमाडकरावर. त्याने ते अंगावर इतके सुंदर झेलले, की दिग्दर्शिकेचे डोळे चमकले. दुपारी पारावर लग्नाचा मांडव पडणार होता. ती मला म्हणाली, "काका, आता एकच टेक. नाही जमलं तर हा मार मी त्यांना देते."

माझा मार त्याला! मी हात जोडून दारोदार फिरलो, एक तरी टोमॅटो मारा म्हणून. प्रत्येक घरी चहा झाला. प्रत्येकाने शब्द दिला. मतदार देतात तसाच.

शेवटचा टेक. विहीर झाली, लिफ्ट झाली, गाव पुन्हा ढिम्म. तेवढ्यात मागून माझी बायको पदर खोचत पुढे आली.

"सरका. तुमचा जावई असेल, माझा नवरा आहे."

टोमॅटो थेट नाकावर फुटला. त्यात अभिनय अजिबात नव्हता. मी धन्य होऊन मागे कोसळणार, इतक्यात सासूबाई धावत कॅमेऱ्यासमोर आल्या आणि पदराने माझं तोंड पुसत लेकीवर कडाडल्या, "अगं, धुऊन तरी फेकायचास!"

दिग्दर्शिकेने ते सगळं तसंच ठेवलं. थिएटरात सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला. पोस्टरवरही तोच क्षण आहे: सासूबाई ठसठशीत, बायको रागात, आणि मी पदराआड.

त्या दिवशी बायकोने मात्र दिग्दर्शिकेला जाऊन विचारलं होतं, आणखी एकदा घ्यायचं का म्हणून. दुसरा टोमॅटो तिने आधीच निवडून ठेवला होता.