दलाल नको म्हटलं तेव्हा

मला वाचवलं ते एका दलालाने. ठाण्याच्या पुढच्या दिवा गावात, स्टेशनच्या पूर्वेला रॉकेलच्या दुकानाशेजारी लाकडी खुर्ची टाकून एक आगरी काका बसायचे, त्यांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावकीत आजही त्यांचं नाव निघालं की लोक शिवी घालूनच बोलतात, आणि त्या शिवीत माझा हात आहे.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं असतील. आम्ही मूळचे राजापूरच्या आतल्या अंगाचे. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, एसटीला अख्खी रात्र जायची. माझी गावाला सातवी झालेली, पुढची शाळा खाडीपलीकडे होती म्हणून सुटली. हे ठाण्याच्या वागळे इस्टेटला लेथ मशीनवर, मी तिथेच एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला. राहायला आम्ही दोघं आणि लहान मुलगी दिव्याला, भाड्याने.

भाड्याचं घर म्हणजे अकरा महिने. करारनाम्यात तसंच लिहिलेलं असायचं. दहावा महिना लागला की मी कारखान्यातून रिकामी खोकी आणायला लागायचे. मालक येऊन सांगायचा, भाडं वाढवा नाहीतर दुसरीकडे बघा. मग पुन्हा दलाल, पुन्हा त्याला एका महिन्याचं भाडं, पुन्हा पिंप, स्टोव्ह, गाद्या डोक्यावर घेऊन चार गल्ल्या पलीकडे. नवीन ठिकाणी पाणी किती वाजता येतं, कोणाच्या मागे नंबर लावायचा, हे शिकेपर्यंत पुढचा दहावा महिना. पाच वर्षांत चार खोल्या झाल्या. त्यातल्या दोन या काकांनीच दिलेल्या. पैसे मोजून देताना मी मनात म्हणायचे, नुसतं कुलूप उघडून दाखवायचे एवढे पैसे!

त्यामुळे स्वतःची खोली घ्यायचं ठरलं तेव्हा आमचं दोघांचं एका गोष्टीवर पक्कं होतं. मध्ये दलाल नको.

आणि त्याच वेळी आमच्या गावकीच्या, म्हणजे इकडे आलेल्या गाववाल्यांच्या मंडळाच्या, खजिनदारांनी विषय काढला. ह्यांच्याच वाडीतले, लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखलेली. मी त्यांना भावोजी म्हणायचे. त्यांनी सांगितलं की दिव्याच्या पुढे शेतात दोघे भाऊ दहा खोल्यांची चाळ बांधतायत, त्यातल्या सहा आपण गाववाल्यांनीच घ्यायच्या. "वहिनी, आपली वाडीच वसवू तिकडे. गणपतीला आरती एकत्र. आणि आपला माणूस मध्ये असताना दलाल कशाला पोसायचा?"

मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी त्यांना शिरा करून घातला.

नंतर एकटी असताना मनात यायला लागलं, कागद कोणी बघितलेत? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "त्याने बघितलेत ना." त्याला विचारा म्हटलं तर अंगावर पांघरूण ओढून घेतलं. गाववाल्याला कागद मागायचा म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. ती गोष्ट गावात पोचायला एक एसटी पुरली असती. ह्यांच्या फंडातून कर्ज काढलेलं, माझी भिशी लागलेली, तेवढंच आमच्याकडे होतं. ते गेलं तर आयुष्यभर अकरा महिने. आणि खोलीला नाही म्हणावं तर आमची मुदत संपायला पाच आठवडे उरलेले. हे रात्री गाढ झोपायचे. मी पत्र्याकडे बघत पडायचे.

कामावरून येताना काकांच्या खुर्चीवरूनच रस्ता. एका संध्याकाळी त्यांनीच हाक मारली.

"बाय, खोली घेतंस असा ऐकला."

मी चोरी पकडल्यासारखी उभी राहिले. म्हटलं, हो, गाववाल्यांतर्फे आहे.

"बरा हाय. सातबारा बगलास?"

"भावोजींनी बघितलाय."

"त्यानी बगला. तू बगलास का, इचारतंय."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा ते हसले. "मना पैशे देव नको. उद्या शुक्करवार, सुट्टी हाय ना तुमची कारखान्याची? तलाठ्याकडं चल माज्यासंगती."

रात्रभर मला वाटत राहिलं, ह्याचं कमिशन बुडतंय म्हणून हा मोडता घालतोय. तरी गेले. ह्यांना न सांगता गेले.

तलाठ्याने उतारा दिला. मला वाचता येत होतं, अक्षरं लागत होती, पण त्यातून काय समजायचं ते कळत नव्हतं. काकांनी बोट ठेवून दाखवलं. बाप मेल्यावर चार नावं लागलेली. दोन भाऊ, दोन बहिणी. बहिणी लग्न होऊन गेलेल्या, पण नावं तशीच. त्यांनी हक्क सोडल्याचा कागद कुठेच नाही.

"आमच्यात बहिणी भांडत नाय," काका म्हणाले. "भावाला देऊन टाकतात, सई करतात, साडी घेऊन जातात. पन या दोघींकडं सई मागायला कोणी गेलाच नाय. जमिनीला भाव आलाय ना. आता मागतील तर त्या हिस्सा मागतील, म्हनून हे गप. उद्या त्या उभ्या रायल्या तं तुजी खोली कोणाची?"

मी उतारा घट्ट धरून उभी होते. म्हटलं, "काका, हे मी बोलणार कसं? ते आपले आहेत."

"तो पन दलालच हाय, बाय. मी खुर्चीवर बसतंय, तो तुमच्या सतरंजीवर. त्याला एक खोली फुकट मिळनार हाय." मग म्हणाले, "माजा नाव घे. सांग, दलालानी सांगितला. दलालाला लोक शिव्या देतातच, त्यात आनखी चार."

शनिवारी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे उतारा कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिले. शेवटी म्हणाले, "मला नाही बोलता येणार गं त्याच्यासमोर."

रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला भावोजींच्या खोलीत गावकीची मीटिंग. पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. त्या दिवशी प्रत्येकाने बयाणा द्यायचा आणि नारळ फोडायचा असं ठरलेलं. ह्यांच्या शर्टाच्या खिशात पाकीट. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, लोक उठून पैसे ठेवत होते, टाळ्या पडत होत्या. ह्यांचं नाव आलं. हे उठले. हात खिशाकडे गेला.

मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "भावोजी, सातबाऱ्यावर दोन बहिणी आहेत. त्यांच्या सह्या झाल्यात का?"

कोणाच्या तरी हातातली कपबशी वाजली. भावोजी हसत माझ्याकडे वळले.

"वहिनी आता वकील झाल्या वाटतं!"

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, सातवी पास आहेत त्या, मस्करी नाय."

"नाही, कोणी सांगितलं तुम्हाला हे?" भावोजींचं हसू गेलं होतं.

उतारा माझ्या पिशवीत होता. तो काढून समोर ठेवता आला असता. मी स्वतः जाऊन बघून आले, एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, ह्यांची मान खाली होती, आणि मी म्हणाले, "त्या स्टेशनजवळच्या दलालाने."

खोलीतली हवाच मोकळी झाली. "हां, असं सांगा! त्याचं कमिशन बुडालं ना!" "साला काड्या घालतो!" माझ्यावरचा राग माझ्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेला. त्या गोंधळात हे म्हणाले, आम्ही पुढच्या रविवारी सांगतो, आणि पाकीट न काढता खाली बसले. तो पुढचा रविवार आम्ही येऊ दिलाच नाही.

मंगळवारी कामावरून येताना बघितलं, काका रॉकेलच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले. खुर्चीचे दोन पाय मोडून पडलेले. आमच्यातलेच पाच जण येऊन गेलेले.

"काका, लागलं का हो?"

"खुर्चीला लागला. मना काय झाला नाय." मग माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले, "पैशे दिलास नाय ना?"

मी मान हलवली. ते म्हणाले, "मंग जा, पोर वाट बगत असल."

चाळ बांधणारे ते दोघे भाऊ काकांच्याच गावातले, भावकीतले, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी काकांना घरच्या लग्नाला बोलावलं नाही. मला तलाठ्याकडे नेताना असं होणार हे काकांना माहीत असणारच. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

आम्ही त्या वेळी अजून अकरा महिने भाड्याने काढले आणि मग आंबिवलीला वन रूम किचन घेतलं. दलालातर्फे घेतलं. पूर्ण दलाली दिली आणि प्रत्येक कागद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. तो वैतागला. मी म्हटलं, पैसे घेतोस ना, मग वाच. गाववाल्याला असं म्हणता आलं नसतं.

त्या चाळीवर दोन वर्षांनी बहिणी उभ्या राहिल्या. कोर्टात गेल्या. आमची माणसं अजून तिथे राहतात, कोणी त्यांना काढलं नाही, पण खोली विकता येत नाही की मुलाच्या नावावर करता येत नाही. आरती मात्र एकत्र होते. मी जाते. प्रसाद घेताना कोणीतरी हमखास म्हणतं, त्या दलालाची नजर लागली आपल्या चाळीला. आणि मी, जिला खरं माहीत आहे, ती ताटातलं खोबरं चावत गप्प बसते. इतकी वर्षं. आधी ह्यांच्यासाठी, मग मुलीच्या लग्नात गावकी लागेल म्हणून. कारणं कधी संपली नाहीत.

काकांसाठी मी एकदा मिठाई घेऊन गेले होते, एकदा धोतराचं पान. दोन्ही वेळा त्यांनी घेतलं आणि घरातून मला सुकट बांधून दिली, म्हणजे फेडलं असं झालंच नाही. ते आता थकलेत, दिव्यालाच असतात, ऐकू कमी येतं. त्यांचं जे देणं आहे ते मिठाईने फिटणारं नाही, हे मला कळतं. एका गणपतीला मी त्यांना हाताला धरून त्या चाळीत घेऊन जाईन, सगळ्यांसमोर बसवीन आणि सांगीन की सातबारा मी काढला होता, प्रश्न माझा होता, ह्या माणसाने फक्त माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या. त्यांना ऐकू येत असेपर्यंत सांगीन.