उंबरा न ओलांडणारी पोर

म्हशाची जत्रा संपली त्याच आठवड्यात ती पोर आमच्याकडे राहायला आली. मुंबईच्या कॉलेजात समाजसेवेचं शिकत होती, पंधरावीच्या पुढचं. त्यांना शेवटच्या वर्षी खेड्यात राहून काम करावं लागतं, त्याला ती प्लेसमेंट म्हणायची. तिचं काम होतं सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या वाडीवर. तिथे राहायची सोय नव्हती, म्हणून कोणीतरी आमच्या मालकांना विचारलं आणि पोर आमच्या पडवीत राहू लागली. मला मावशी म्हणायची.

परक्या माणसापुढे माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. लहानपणापासून तसंच आहे. पण ती परकी राहिलीच नाही. मी भाकऱ्या थापायला बसले की चुलीपुढे येऊन बसायची आणि सगळं सांगायची. तिच्याच वर्गातली एक मुलगी शहापूरकडच्या गावात होती. ती नुसती खोलीत बसून राहिली आणि वस्तीवर गेल्याचं कॉलेजात खोटंच कळवत गेली. एक दिवस मॅडम न सांगता आल्या, गावात चार जणांना विचारलं आणि तिला त्याच गाडीतून परत नेलं. तिचं वर्ष गेलं.

"माझ्याकडे पण येतील मावशी. कधी, ते सांगत नाहीत."

"येऊ देत की. तू तर रोज जातेस."

"हो. पण माझं वर्ष गेलं तर घरचे पुन्हा शिकू देणार नाहीत. स्थळं बघायला लागलेत. तुमचा पत्तासुद्धा दिलाय कोणाकोणाला."

हे ती हसत बोलली, पण हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला होता.

त्या दिवशी ती सकाळीच निघाली. जाताना म्हणाली, "आधी दवाखान्यात विचारून येते, मग जमलं तर वाडीवर." वाडीवरची एक सून दिवसांत होती आणि तिची सासू तिला बाळंतपणाला दवाखान्यात पाठवायला तयार नव्हती. त्याच्यासाठी पोरीची धावपळ चालली होती.

ऊन वर आलं तेव्हा एक पांढरी गाडी आली आणि शेजारच्या काकींच्या अंगणापुढे थांबली. काकी वालाच्या शेंगा सोलत होत्या. गाडीतून एक बाई उतरल्या, इस्त्रीची साडी, डोळ्यांवर चष्मा. मागून एक पोक्त गृहस्थ. मी आमच्या दारात होते, ती आत सरकले. कुडाच्या फटीतून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

बाईंनी पोरीचं नाव घेऊन विचारलं, "ती इथेच राहते ना? कशी आहे मुलगी?"

काकींनी पदर सारखा केला. घाईघाईने आतून चटई आणून टाकली.

"बसा ना. पोर ना? पोर म्हणजे सोनं. घरातून पाय बाहेर टाकत नाय."

"बाहेर जात नाही?"

"उंबरा ओलांडत नाय, बगा. मान खाली. कोणाशी बोलणं नाय, हसणं नाय. आमी शेजारी, पण आमाला तिचा आवाज ठाव नाय."

"वाडीवर जात असेल ना?"

"वाडीवर? छे गो बाय! तिकडं कशाला जाईल चांगल्या घरची पोर?"

आमच्याकडे हे असंच असतं. गाडी करून दोन माणसं येतात आणि लग्नाच्या पोरीबद्दल विचारतात, तेव्हा सगळा गाव एकच सांगतो. पोर गुणाची, घरातली, गरीब. तिचं कोणाशी वैर असलं तरी तेच सांगतात. माझ्या लग्नाच्या वेळीही हेच सांगितलं होतं, फक्त माझ्या बाबतीत ते खरं होतं. काकी रोज सकाळी त्या पोरीला वाडीच्या वाटेने जाताना बघत होत्या. वर हाकसुद्धा मारत होत्या, "चालली गो मास्तरीण!" पण आता त्या पोरीचं भलं करत होत्या.

ही माणसं कॉलेजची, की स्थळाची? स्थळाची असली आणि मी बाहेर जाऊन म्हणाले, ती दिवसभर डोंगरात फिरते, तर पोरीचं ठरता ठरता मोडेल. त्याचं पाप माझ्या माथी. आणि कॉलेजची असली तर काकींच्या एकेका शब्दाने तिचं वर्ष बुडत होतं. मी कान देऊन ऐकत राहिले. बाईंनी तिला स्वयंपाक येतो का ते विचारलं नाही. वय विचारलं नाही. नुसतं कधी जाते, कोणाकडे जाते. गृहस्थांनी पाणी मागितलं, तर काकी म्हणाल्या, "पाणी कशाला, चाय ठेवते. तोंड गोड करून जा." बाई उठल्या.

"चला सर. शहापूरच्या मुलीसारखंच आहे हे. हिला संध्याकाळी फोन करून परत बोलवून घेऊ."

तेव्हा कळलं.

गाडीचं दार लागलं. मला वाटलं, मालक असते तर. वाटलं, फोन करावा, पण वाडीवर फोन लागत नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. मी अंगणात होते आणि पीठ लागलेला माझा हात गाडीच्या काचेवर होता. काच खाली झाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"काय हवंय?"

"जाते ती," मी म्हणाले. "रोज जाते."

"या बाई तर म्हणाल्या..."

"काकी खोटं बोलल्या."

मागे काकींचा हात शेंगांवर थांबला.

"तुमी पोर बघायला आलात असं वाटलं त्यांना," मी म्हणाले. "म्हणून."

सर मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. "ती तुमच्याच घरी राहते. तुम्ही तिच्या बाजूने बोलणारच. आत्ता कुठे आहे?"

"वाडीवर."

हे बोलले आणि सकाळचं तिचं बोलणं आठवलं, जमलं तर. पण आता माघार कशी घेणार? गाडी ओढ्यापर्यंतच जाते. पुढे मी चालले, मागून ती दोघं. बाईंच्या चपला दगडांत अडकत होत्या. मनात एकच, ती नसली तर? नसली तर मी पण खोटी, काकी पण खोट्या, आणि पोरीचं ऐकून कोण घेणार?

वाडी शांत होती. निम्मी घरं बंद, माणसं वीटभट्टीवर गेलेली. पहिल्या घरापुढे कोंबड्या. दुसऱ्याला कडी. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं. तेवढ्यात शेवटच्या घरातून म्हातारीचा आवाज आला.

"काल बी हेच बोलली, परवा बी हेच बोलली. तुला दुसरं काय येत नाय का गो?"

"आजी, दवाखान्याच्या गाडीचं मी विचारून आले. रात्री फोन केला तरी येते."

"आन फोन काय तुझा बाप उचलेल? हितं फोन लागतो का?"

"मग आधीच दोन दिवस जाऊन राहायचं. मी येते ना सोबत."

"तुला एक पोर झालं नाय आन मला शिकवतंस! सात काढली मी या घरात. कोरा चाय पी आन जा घरी. उद्या परत येशीलच डोकं खायला."

आत सून खुदकन हसली. मी पुढे व्हायला लागले, तर बाईंनी हाताने मला थांबवलं. कुडाला टेकून त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. पोर हरत होती. म्हातारीपुढे तिचं काही चालत नव्हतं, तरी उठत नव्हती.

मग बाई दारात गेल्या. पोरीच्या तोंडाचा रंगच गेला. म्हातारीने बाईंना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ही तुमची का? मग न्या हिला. डोकं खाल्लं माझं."

"अजून थोडे दिवस खाऊ दे, आजी," बाई म्हणाल्या आणि चौकटीशी टेकून खाली बसल्या.

पोरीला बोलणी बसली नाहीत असं नाही. तू काय काम करतेस ते शेजारणीलाही ठाऊक नाही, हे कसलं काम, असं त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या. पण तिला नेलं नाही. ती राहिली, दिवस पुरे केले आणि पास झाल्याचा फोन पुढे तिने मालकांच्या मोबाइलवर केला.

काकी मात्र माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. परक्यांपुढे हिने मला खोटी पाडली, असं सगळ्यांना सांगत राहिल्या. ते खरंच होतं. पोर त्यांच्याकडे जाऊन पाया पडून आली, तरी राग माझ्यावरच. बऱ्याच दिवसांनी नळावर दोघीच होतो. माझा हंडा भरला, पण मी उचलला नाही.

"काकी, तुमी तिच्या भल्याचंच बोललात," मी म्हणाले.

"मग तू कशाला तोंड घातलंस मध्ये?"

"मी पण त्याच्यासाठीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण हंडा माझ्या डोक्यावर चढवायला हात लावला.