झोळ्या हेक्टरची तुळई

ग्लेनरुआ गावात हेक्टर मॅकिनन नावाचे पुरुष इतके होते, की चर्चमध्ये त्यांचा एक बाक वेगळा भरला असता. म्हणून केप ब्रेटन बेटावरच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला टोपणनाव. सुतारकाम करणारा हेक्टर तो 'झोळ्या'. तरुणपणी त्याने बांधलेल्या नाचघराची लाकडी जमीन पहिल्याच लग्नात मधोमध झोळ येऊन खाली बसली आणि नाचणारे घसरत घसरत नवरदेवाच्या अंगावर गोळा झाले. बापाचं नाव लेकरांनाही चिकटतं. त्याची मुलगी 'झोळ्याची फ्लोरा' म्हणूनच वाढली.

आता फ्लोराचं लग्न ठरलं होतं. दुसरा सुतार अल्बर्टाला निघून गेल्यामुळे नवं नाचघरही हेक्टरच्याच गळ्यात पडलं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत तो हळूच जोडू लागला, "देवा, लग्नाआधी तेवढं नाव जाऊ दे."

वरच्या मजल्यावरची नाचाची खोली ऐसपैस रुंद होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या कड्या, म्हणजे जमीन पेलणारे आडवे वासे, टाकल्या तर त्या मोडल्या नसत्या, पण पावलागणिक हलल्या असत्या. हेक्टरने सगळ्यात उंच कड्या निवडल्या, नेहमीपेक्षा जवळजवळ बसवल्या, तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. शेवटी कड्यांखाली मधोमध जाडजूड तुळई घातली आणि तिला टेकू म्हणून खालच्या चहाच्या खोलीत खांब उभा केला.

चहाचं सगळं बघणाऱ्या मर्डीना आजी त्या खांबाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "हेक्टर, वर जहाज आणून ठेवणार आहेस का रे?"

लग्नात अख्खं गाव नाचलं. जमीन तसूभर हलली नाही. पण लोक लवकरच बसू लागले आणि पाय चोळू लागले. आजींनीही दोन गिरक्यांतच खुर्ची धरली.

"भक्कम आहे रे, पण हिच्यात जीव नाही. नाचायची जमीन थोडी तरी दबायला हवी. आमचे गुडघे गेले."

"म्हणजे जराही दबत नाही?" हेक्टरने विचारलं. आजींकडून ते त्याने पुन्हा एकदा वदवून घेतलं, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

खाली चहाच्या खोलीत तोवर केकचं ताट घेतलेले पाद्रीबाबा खांबावर आदळले होते, त्यांच्या पाठोपाठ नवरदेव. पाहुणे पांगायच्या आत हेक्टरचं नाव 'खांब्या' झालं. देवाकडे मागताना त्याने जुनं नाव जावं एवढंच मागितलं होतं. नवं नको, हे सांगायचं राहूनच गेलं.

फ्लोरा म्हणाली, सासरी सांगायला हे बरं आहे. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी "खांब्या" अशी हाक मारली, तेव्हा हेक्टरने टोपी सारखी केली आणि मोठ्याने ओ दिली.